आगमनकाळातली घरची प्रार्थना : वसईतल्या एका आळीच्या कामाच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

काम ठरलं ते एवढंच : आळीतल्या २४ घरांत आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाच्या, प्रत्येक संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, आणि ती पहिल्या आठवड्यानंतर बंद पडू नये. ऑक्टोबर हा रोजरीचा, म्हणजे मरियेच्या जपमाळेचा, महिना, त्यामुळे संध्याकाळी एकत्र बसायची सवय आत्ता ताजी आहे. नोव्हेंबरमध्ये ती हळूहळू सुटते आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सगळं नव्याने सुरू करावं लागतं. म्हणून तयारी आजपासून.

यंदा आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला. पुढचे रविवार ७, १४ आणि २१ डिसेंबर. नाताळ गुरुवारी. ३० नोव्हेंबर ते २४ डिसेंबर धरून २५ संध्याकाळी होतात. हा आकडा दरवर्षी बदलतो : पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो, त्यामुळे काळ कमीत कमी २२ आणि जास्तीत जास्त २८ दिवसांचा असतो. चौथा आठवडा यंदा जेमतेम ४ दिवसांचा. छापील पत्रकात चौथ्या आठवड्याची सात वाचनं देऊन उपयोग नाही, हे आधीच लिहून ठेवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वेळ ठरवायला सर्वांत जास्त चर्चा लागली. सातला देवळाची घंटा होते आणि ज्येष्ठ मंडळी तेव्हाच रोजरी म्हणतात. पण विरार लोकलने येणारे साडेआठच्या आत घरी पोहोचत नाहीत. सातची वेळ धरली तर कमावती माणसं आणि कॉलेजची मुलं कायमची बाहेर. दहाची धरली तर लहान मुलं झोपलेली.

ठरलं पावणेनऊ. जेवणाआधी, जेवणानंतर नाही. जेवण झालं की एक जण भांड्यांकडे जातो, एक जण अंथरुणाकडे, आणि पुन्हा गोळा करणं जड जातं. ताटं मांडलेली असताना बारा-पंधरा मिनिटं बसायला कोणी नाही म्हणत नाही.

ज्येष्ठांचं म्हणणं रास्त होतं : पूर्ण रोजरी सोडायची का? नाही. सातची रोजरी ज्यांची आहे त्यांनी ती तशीच चालू ठेवायची. रोजरीच्या पाच दशकांना (एक दशक म्हणजे दहा ‘नमो मरिया’) १८ ते २० मिनिटं लागतात. पावणेनऊच्या बैठकीत एकच दशक. दोन्ही एकात कोंबायचा प्रयत्न ज्या घरांनी गेल्या वर्षी केला, तिथे मुलं दुसऱ्या दशकाला पेंगत होती आणि बायबलचं वाचन राहूनच जात होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

क्रम पक्का केला :

बसल्यावर अर्धा मिनिट शांत. क्रुसाची खूण. घरातलं सर्वांत लहान मूल, मोठ्याचा हात धरून, मेणबत्ती लावतं. सगळे मिळून ‘ये, प्रभू येशू, ये’ तीनदा. हे शब्द बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातले. पहिल्या ख्रिस्ती लोकांची ‘मारानाथा’ ही अरामी हाक हीच. मग एक वाचन, चार ते आठ ओव्या. एक मिनिट पूर्ण शांतता. तीन विनंत्या. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. रोजरीचं एक दशक. गीताचं एक कडवं. शेवटी मोठ्यांनी लहानांच्या कपाळावर क्रुसाची खूण करून आशीर्वाद द्यायचा. गोव्यात रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलं वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ मागतात, तीच रीत. आमच्याकडे काही घरांत ती टिकली आहे, काही घरांत आजीबरोबर गेली. पत्रकात ती ठळक अक्षरांत घातली.

शांततेचा एक मिनिट मोबाईलवर मोजायचा नाही. फोन हातात आला की त्याच्यावरचा संदेशही दिसतो. दहा सावकाश श्वास मोजले की पाऊण ते एक मिनिट होतो.

वाचन ‘समजावून सांगणं’ क्रमात मुद्दाम ठेवलं नाही. घरच्या प्रार्थनेचा सर्वांत लवकर घात कशाने होत असेल तर वडिलांच्या प्रवचनाने. मूल काही विचारेल तर जेवताना बोलावं. वाचलेलं ताजं असतं आणि ताटावर वेळही असतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आगमनचक्राच्या, म्हणजे हिरव्या पानांच्या कड्यात दर रविवारी एक वाढवत लावायच्या चार मेणबत्त्यांची चाचणी. बाजारात मिळणारी २० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाडीची पांढरी मेणबत्ती पंखा बंद ठेवून जाळून पाहिली : तासाला साधारण २.२ सेंटिमीटर उतरते. पंख्याखाली तीच मेणबत्ती एका बाजूने वितळते, ओघळ गळतात आणि तासाला जवळपास ३ सेंटिमीटर जाते.

हिशोब असा. पहिली मेणबत्ती २५ संध्याकाळी जळणार, दुसरी १८, तिसरी ११, चौथी ४. रोज २० मिनिटं धरली तर पहिलीला ५०० मिनिटं, म्हणजे १८.३ सेंटिमीटर मेण लागतं. बुडाकडचा एक सेंटिमीटर रोवण्यात जातो. २४ तारखेला ज्योत पानांच्या पातळीला येणार. हे धोक्याचं आहे.

रोज १५ मिनिटं धरली तर पहिलीचं पावणेचौदा सेंटिमीटर जातं आणि सहा उरतं. दुसरीचं दहा उरतं, तिसरीचं चौदा, चौथी जवळजवळ अखंड. शेवटच्या संध्याकाळी चार मेणबत्त्यांची पायऱ्यापायऱ्यांची उतरंड दिसली पाहिजे. दिसली तर समजायचं की प्रार्थना रोज झाली आणि वेळेत संपली. म्हणून पत्रकावर स्पष्ट लिहिलं : आशीर्वाद झाला की ज्योत मालवायची, जेवताना ‘छान दिसतं’ म्हणून चालू ठेवायची नाही. फुंकर मारली की मेण उडतं; चमच्याची पाठ वातीवर ठेवावी. दुसऱ्या दिवशी लावण्याआधी वात कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरवर आणावी. लांब वातीने काजळी धरते आणि ज्योत नाचते.

जांभळ्या मेणबत्त्या तीन आणि गुलाबी एक, असा रंगीत संच बाजारात सगळीकडे मिळत नाही, मिळाला तर महाग. पांढऱ्या मेणबत्तीला बुडाशी जांभळी फीत बांधली तरी चालतं. फीत बुडापासून ३ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आगमनचक्राची मांडणी. या चक्राचा उगम सांगितला की मुलांना त्यातली गणती कळते. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न यांनी निराधार मुलांच्या आपल्या आश्रमात बैलगाडीच्या चाकासारख्या लाकडी कड्यावर मेणबत्त्या लावल्या : रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, आणि इतर दिवसांच्या वीस लहान लाल. ‘नाताळ कधी?’ हा मुलांचा रोजचा प्रश्न त्यांनी रोज एक मेणबत्ती वाढवून सोडवला. चक्र प्रोटेस्टंट घरांतून आलं आणि कॅथलिक घरांत नंतर रुळलं, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही मंडळींना ते सारखंच आपलं वाटतं.

युरोपात त्यावर सूचिपर्णी झाडाच्या फांद्या असतात. आपल्याकडे पहिला हात सुरूकडे जातो, किनाऱ्यावर सुरूच सुरू आहे. पण चाचणीत सुरू नापास. पाच दिवस घरात ठेवलेली डहाळी अंगणात काडीला लावली, तर भसकन पेटून काही सेकंदांत जळून गेली. शिवाय सुया गळतात. मोरपंखी जास्त दिवस हिरवी राहते, पण तीही वाळल्यावर तशीच पेटते. जास्वंदीची पानं दुसऱ्या दिवशी मान टाकतात. आंब्याचे टाळे चार दिवस बरे दिसतात.

टिकलं ते क्रोटन. जाड पान, ओल्या वाळूत खोचलेली काडी आठवड्याहून जास्त ताजी. रंग गडद हिरवा-तांबडा, जांभळ्या फितीशी शोभतो. एका चक्राला १५ सेंटिमीटरच्या १२ काड्या पुरतात. काडी तोडताना पांढरा चीक निघतो, तो काहींच्या कातडीला झोंबतो. मुलांचे हात लगेच धुवावेत.

कृती : ३० सेंटिमीटर व्यासाची परात. तळाशी दिवाळीतल्या चार पणत्या, एकमेकींपासून कमीत कमी १० सेंटिमीटरवर. प्रत्येक पणतीत मेणाचे थेंब पाडून ते गरम असतानाच मेणबत्ती सरळ रोवायची आणि थंड होईपर्यंत धरून ठेवायची. मग भोवती ३ सेंटिमीटर वाळू. साडेतीन किलो लागते. पाणी शिंपडून वाळू दाबायची, कडेने क्रोटन खोचायचं. मध्ये पाचवी, पांढरी मेणबत्ती, पण ती नाताळची आहे. तिची जागा मोकळी ठेवली तरी चालेल.

पणती का? आधी मेणबत्ती नुसती वाळूत रोवून पाहिली होती. ओली असताना घट्ट, तिसऱ्या दिवशी वाळू सुकली की कलंडते. पणतीत मेणाने चिकटलेली कलंडत नाही. आणि १० सेंटिमीटरपेक्षा जवळ ठेवल्या तर एकीच्या उष्णतेने दुसरी वाकते.

पाणी दोन दिवसांआड एक वाटी. वाळूवर पाणी साचलेलं दिसता कामा नये, डास होतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाचनांची यादी. देवळातल्या वाचनांच्या तीन वर्षांच्या फेऱ्यातलं ‘अ’ वर्ष यंदापासून सुरू होतं, म्हणजे रविवारी मत्तयचं शुभवर्तमान आणि यशयाचे उतारे : ३० नोव्हेंबरला यशया २:१-५ आणि मत्तय २४:३७-४४, ७ डिसेंबरला यशया ११:१-१० आणि मत्तय ३:१-१२, १४ ला यशया ३५ आणि मत्तय ११:२-११, २१ ला यशया ७:१०-१४ आणि मत्तय १:१८-२४. घरी रविवारी यातलं एकच घ्यायचं, देवळात दोन्ही ऐकलेली असतात.

आठवड्याच्या दिवसांत जुन्या याद्या डोळे मिटून उतरवल्या की चुका होतात. सापडलेल्या अशा :

पहिल्या सोमवारी यादीत यशया २:१-५ असतं. पण ‘अ’ वर्षात तेच आदल्या रविवारी येतं, म्हणून या वर्षी सोमवारी यशया ४:२-६ आहे. जुनं पत्रक वापरलं असतं तर लागोपाठ दोन दिवस तोच उतारा.

२० डिसेंबरला यशया ७:१०-१४, आणि २१ च्या रविवारी पुन्हा तेच. म्हणून घरी २० ला लूक १:२६-३८ ठेवलं, गब्रीएलाचा निरोप. तसंच १८ ला योसेफाच्या स्वप्नाचा जो उतारा आहे तोच २१ ला. १८ ला यिर्मया २३:५-८ घेतलं.

१३ डिसेंबरला सिराख ४८:१-४, ९-११ आहे, एलीयाबद्दल. हे पुस्तक कॅथलिक बायबलच्या ७३ पुस्तकांत आहे, ६६ पुस्तकांच्या मराठी बायबलमध्ये नाही. आळीत तीन घरांत सून नगर-पुण्याकडच्या प्रोटेस्टंट कुटुंबातून आलेली आहे आणि घरात तिचंच बायबल वाचायला घेतात. त्यांच्यासाठी त्या दिवशी मत्तय १७:१०-१३ लिहिलं, विषय तोच.

२३ डिसेंबरला मलाखी ३:१-४ आणि २३-२४. बऱ्याच मराठी बायबलमध्ये मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात १८ च ओव्या आहेत. हव्या त्या ओव्या ४:५-६ ला सापडतात. नाताळच्या रात्रीचा यशया ९:१-६ हा उतारा तिथे ९:२-७ असतो. पत्रकात दोन्ही आकडे दिले. ओवी सापडली नाही की वाचणारा गोंधळतो, पानं उलटत बसतो आणि सगळ्यांचं लक्ष उडतं. लहान चूक, पण संध्याकाळ तिनेच मोडते.

‘आशा, शांती, आनंद, प्रीती’ अशी चार मेणबत्त्यांची नावं अनेक पत्रकांत असतात. देवळातल्या मुख्य उपासनेत, म्हणजे मिस्साविधीत, ती नाहीत. ज्यांना आवडतात त्यांनी ठेवावीत, आपल्या पत्रकात घातली नाहीत, कारण त्या नावांनी वाचनाचा खरा ओघ झाकला जातो : १६ डिसेंबरपर्यंत नजर ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याकडे असते, १७ पासून बेथलेहेमकडे वळते. तिसरा रविवार मात्र खरोखर आनंदाचा, त्या दिवशी गुलाबी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पत्रकाची छपाई. ए-फोर कागद मधोमध दुमडून, आठवड्याला एक. १४ पॉइंटची अक्षरं दिव्याखाली बरी वाटली. मेणबत्तीच्या उजेडात साठीच्या वरच्या कोणालाच वाचता येईनात. १८ पॉइंट केली, त्यासाठी गीताचं दुसरं कडवं आणि सजावटीची नक्षी काढली. वाचणाऱ्याच्या मागे एक छोटा दिवा चालू ठेवायला हरकत नाही. पूर्ण अंधाराचा हट्ट नको.

३० नोव्हेंबर, पहिला रविवार

सकाळच्या मिस्सानंतर चक्रांना आशीर्वाद. ज्यांना आणता आलं नाही त्यांनी संध्याकाळी घरच्या मोठ्याने प्रार्थना करून पवित्र पाणी शिंपडलं.

संध्याकाळचा आढावा फोनवर. बहुतेक घरांत २२ ते २५ मिनिटं लागली. वेळ खाल्ला तो विनंत्यांनी : प्रत्येकाने पाच-पाच मागितल्या. उद्यापासून घराच्या तीन, आणि त्या कोण म्हणणार हे सकाळी ठरवायचं.

२ डिसेंबर, मंगळवार

विनंत्यांबद्दल एक चांगली गोष्ट दिसली. छापील विनंती वाचली की आवाज सपाट होतो. सामवेदी घरांत विनंती त्यांच्या कादोडी बोलीत म्हटली की ती आपोआप खऱ्या माणसांपर्यंत जाते : शेजारच्या म्हातारीचा गुडघा, भात झोडणी, अडकलेला पगार. पत्रकातून विनंत्यांचे मसुदे काढून फक्त तीन दिशा ठेवल्या : घर, आळी, दूरचं कोणी. भाषा ज्याची त्याची. वाडवळी घरांनाही हेच सांगितलं.

३ डिसेंबर, बुधवार

संत फ्रान्सिस झेवियरचा सण. १५५२ साली याच तारखेला चीनच्या किनाऱ्याजवळ शांगच्वान बेटावर त्यांचं निधन झालं. शरीर जुन्या गोव्यात बॉम जिझस बॅसिलिकात आहे. काही घरांना आज चक्राऐवजी संताची वेगळी प्रार्थना हवी होती. चक्र आणि वाचन तसंच ठेवून तिसरी विनंती संताच्या नावाने करायची, असं सुचवलं. एक दिवस क्रम बदलला की दुसऱ्या दिवशी ‘आज कोणता?’ हा प्रश्न येतो. ८ तारखेच्या मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणालाही हाच नियम.

५ डिसेंबर, शुक्रवार

आखातातली माणसं. आळीतल्या सहा घरांत कोणीतरी दुबई किंवा कुवेतमध्ये आहे. आपले पावणेनऊ म्हणजे दुबईत सव्वासात, कुवेतमध्ये सव्वासहा. कुवेतवाला तेव्हा अनेकदा रस्त्यात असतो.

व्हिडिओ कॉलवर रोजरी एका सुरात होत नाही. आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोहोचतो, ‘नमो मरिया’चे दोन तुकडे एकमेकांवर आदळतात आणि दोन्हीकडचे थांबतात. उपाय : दूरच्या माणसाने प्रत्येक ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग एकट्याने म्हणायचा, उत्तर देताना घरच्यांनी आपला माइक बंद ठेवायचा. त्याहून सोपं म्हणजे वाचन त्याला देणं. वाचन एकाच आवाजात असतं, उशीर कळत नाही. बाप रोज कुवेतहून यशया वाचतो आणि मुलं इथे ऐकतात, हे तीन घरांत बसलं आहे. फोन चक्रासमोर उभा करताना ज्योतीपासून हातभर लांब.

७ डिसेंबर, दुसरा रविवार

क्रोटन बदललं २४ पैकी ९ घरांत. बाकीच्यांचं अजून ताजं. एका घरात सुरूच लावली होती, ती आज काढायला लावली.

रोजरीच्या दशकांचा क्रम : आगमनकाळभर आनंदाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जन्म-बालपणाचे पाच प्रसंग, रोज एक. ३० नोव्हेंबरपासून मोजलं तर १९ डिसेंबरला चार फेऱ्या पूर्ण होतात आणि २० ला पुन्हा पहिलं रहस्य, गब्रीएलाचा निरोप येतो, नेमकं त्या दिवशीच्या लूकच्या वाचनाशी जुळून. २१ ला मरियेची अलीशिबेला भेट. तिथे मोजणी थांबवायची : २२ आणि २३ लाही भेटीचंच रहस्य, कारण मरियेचं स्तोत्र आणि योहानाचा जन्म त्याच घरातले. तिसरं रहस्य २४ च्या रात्रीसाठी राखून. सरळ मोजत गेलं असतं तर येशूचा जन्म २२ लाच झाला असता आणि २४ ला तो बारा वर्षांचा होऊन मंदिरात सापडला असता.

१० डिसेंबर, बुधवार

गळती याच आठवड्यात होते. पाच घरांत मंगळवार चुकला, दोन घरांत सोमवार-मंगळवार दोन्ही. कारणं सरळ : हळदी-लग्नाची आमंत्रणं, उशिरा आलेली लोकल, परीक्षा.

चुकलेल्या दिवसाचं वाचन दुसऱ्या दिवशी ‘भरून’ काढायचं नाही, हे निक्षून सांगितलं. दोन दिवसांचं ओझं तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचं होतं आणि मग घर सोडूनच देतं. आजचं आज. आणि एक छोटा क्रम दिला, चार मिनिटांचा : ज्योत, ‘ये, प्रभू येशू, ये’, वाचनाच्या दोनच ओव्या, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आशीर्वाद. घरात दोनच माणसं असतील तरी करायचा. अकरा वाजले असतील तरी करायचा. आमच्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत उपयोगी पान हेच, आणि ते पहिल्या दिवशीच द्यायला हवं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गव्हाणीचा पेंढा. भाताची कापणी नुकतीच झाल्याने पेंढा मुबलक. १२ सेंटिमीटरच्या काड्या कापून एका डब्यात, शेजारी रिकामी गव्हाण. दिवसभरात कोणासाठी काही चांगलं केलं असेल तर प्रार्थनेआधी एक काडी गव्हाणीत टाकायची, बाळ येशूच्या अंथरुणासाठी. प्रथा जुनी आणि गोड आहे, पण दोन घरांत भावंडांची शर्यत लागली आणि भांडण झालं. काडी कोणाची हे सांगायचं नाही, मोजायचं नाही, काय केलं तेही सांगायचं नाही, असा नियम केला. गव्हाण चक्रापासून चार फूट दूर. पेंढा आणि ज्योत एका टेबलावर नकोत.

१४ डिसेंबर, तिसरा रविवार

गुलाबी मेणबत्ती. आज नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी नाचणी आणि गहू पेरायचा दिवस, २४ तारखेला बरोबर दहा दिवस.

पसरट थाळा, तळाला भोकं असलेला. दोन बोटं माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. नाचणी ८ ते १० तास भिजवून, फडक्यात रात्रभर बांधून, मोड दिसताच दाट पेरायची. वरून मातीचा पातळ थर. गहू १२ तास भिजवावा. दोन दिवस ओलं फडकं झाकावं, अंकुर दिसले की काढून उजेडात ठेवावं. २४ पर्यंत नाचणी बोटभर होते, गहू वीतभर होऊन आडवा पडतो. म्हणून कुरणासाठी नाचणी, मागच्या टेकडीसाठी गहू. गहू बुधवारी, १७ ला पेरला तर उंची आटोक्यात राहते.

पांढरी बुरशी धरते ती दोन कारणांनी : पाणी जास्त, किंवा फडकं तिसऱ्या दिवशीही झाकलेलं. पाणी शिंपडावं, ओतू नये. अंधारात वाढलेले कोंब पिवळे पडतात, ते एका दिवसाच्या उन्हाने हिरवे होतात.

‘इशायाच्या बुंध्याला कोंब फुटेल’ (इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप) हे यशया ११ चं वाचन गेल्याच रविवारी झालं. त्याची वेगळी चित्रं रंगवून ‘इशायाचं झाड’ करायची सूचना आली होती. यंदा नाही घेतली. थाळ्यातला कोंब मुलं रोज सकाळी बघतात, तेवढं पुरे.

१७ डिसेंबर, बुधवार

आजपासून प्रार्थनेचा सूर बदलतो. सात संध्याकाळी सात प्राचीन हाका : १७ ला हे ज्ञाना, १८ ला हे अदोनाय, १९ ला हे इशायाच्या मुळा, २० ला हे दावीदाच्या किल्ली, २१ ला हे उगवत्या प्रकाशा, २२ ला हे राष्ट्रांच्या राजा, २३ ला हे इम्मानुएला. मठांतल्या संध्याप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राआधी त्या गातात. लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटून पहिल्याकडे वाचली तर ‘एरो क्रास’ होतं : उद्या मी असेन. घरी ‘ये, प्रभू येशू, ये’च्या जागी त्या दिवशीची हाक आणि शेवटी ‘ये’. वेळ तेवढाच.

आजचं वाचन मत्तय १:१-१७, येशूची वंशावळ. हे गाळायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नये. तीन वेळा चौदा पिढ्या असे तीन भाग मत्तयनेच पाडले आहेत, ते तीन जणांना वाटून द्यावेत. शल्तीएल, जरुब्बाबेल ही नावं दुपारी एकदा मोठ्याने वाचून ठेवावीत, नाहीतर हसू फुटतं. मुलांना एकच काम : बायका किती ऐकू आल्या ते बोटांवर मोजायचं. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, मरिया.

१९ डिसेंबर, शुक्रवार

करंज्या, नेवऱ्या, केकची गडबड. पावणेनऊला गॅसवर तेल असतं. प्रार्थनेला बसायचं तर कढई उतरवून, गॅस बंद करून बसायचं. ‘मंद करून येते’ म्हणून आलेली आई प्रार्थनेत नसते, आणि मंद आचेवरचं तेलही तापतच राहतं. एका घराने सोपं केलं : चक्राची परातच ओट्यापासून दूर, स्वयंपाकघराच्या टेबलावर आणली, सगळे पिठाच्या हातांनी भोवती उभे राहिले. चालतं.

या आठवड्यात नाताळची गीतं सुरू करायची घाई होते. घरी २४ पर्यंत आगमनाचीच गायची. देवळातही आगमनकाळाच्या रविवारी ‘परमेश्वराला गौरव’ हे गीत होत नाही. ते रात्रीच्या मिस्सात पुन्हा येतं तेव्हा अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

२१ डिसेंबर, चौथा रविवार

चार ज्योती. मोजमाप घेतलं : सात घरांत पहिली मेणबत्ती आठ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हिशोबाप्रमाणे. चार घरांत पाचच्या खाली. त्यातल्या तीन घरांत पंखा चालू होता, एका घरात जेवणभर ज्योत. पाचच्या खाली असेल तिथे भोवतीचं क्रोटन काढून वाळू मोकळी ठेवायला सांगितली. बाकीच्या घरांत पहिली बारा-तेरा सेंटिमीटर शिल्लक : चुकलेले दिवस आणि चार मिनिटांचा क्रम. त्यांना काही बोललो नाही. त्यांनी आज लावली आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

वाचन लूक १:६७-७९, जखऱ्याचं स्तोत्र. प्रार्थना आज सातलाच, कारण नंतर सगळे मिस्साच्या तयारीला लागतात. तिसरं रहस्य. नाचणी बोटभर, गोठ्यात मांडली. गव्हाण रिकामीच.

मिस्साहून आल्यावर, कितीही रात्र झाली तरी, घरातल्या सर्वांत लहान जाग्या माणसाने बाळ येशू पेंढ्यावर ठेवायचा, मधली पांढरी मेणबत्ती लावायची, लूक २:१-७ सात ओव्या, आशीर्वाद. जांभळ्या फिती सोडून पांढऱ्या बांधायच्या. झोपलेल्या मुलांना उठवायचं की नाही ते घराने ठरवावं. सकाळी पुन्हा ठेवता येतो.

२८ डिसेंबर, रविवार

पवित्र कुटुंबाचा सण. आवराआवर : पणत्या गरम पाण्यात घालून मेण सोडवलं, वाळू सुकवून गोणीत, उरलेल्या मेणबत्त्या वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत. चौथ्या मेणबत्त्या जवळजवळ अखंड आहेत, पुढच्या वर्षी त्या चौथ्याच म्हणून चालतील. पहिली नवीच घ्यायची.

पुढच्या वर्षासाठी : पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६, २६ संध्याकाळी, पहिल्या मेणबत्तीला ३९० मिनिटं म्हणजे १४.३ सेंटिमीटर. ‘ब’ वर्ष, त्यामुळे पहिल्या सोमवारी यशया २:१-५ पुन्हा जागेवर. चार मिनिटांच्या क्रमाचं पान पहिल्या पत्रकाच्या पाठीवर छापायचं. पंखा बंद, हे अक्षर सर्वांत मोठं.